दोन गुणांचा प्रश्न : महाभियोग, द्वेषगुन्हा आणि वापरात आलेला कायदा

आष्टी म्हटले की पेशवाईच्या अभ्यासकाला सोलापूरकडची आष्टी आठवते. २० फेब्रुवारी १८१८ रोजी तिथे बापू गोखले रणात पडले. स्वातंत्र्यलढ्याचा अभ्यास करणाऱ्याला वर्ध्याकडची आष्टी आठवते. ऑगस्ट १९४२मध्ये पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्या लोकांवर तिथे गोळीबार झाला आणि काही जण हुतात्मे झाले. बीड जिल्ह्यात तर आष्टी नावाचा अख्खा तालुका आहे. आमची आष्टी या सगळ्यांहून वेगळी. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातले हे गाव. इतिहासाच्या पुस्तकात तिच्या नावाची लढाई नाही. तरी या गावाच्या नकाशावरच्या जागेत एक इतिहास दडलेला आहे आणि तो पुढे येईलच.

या भागातल्या शाळांतून मी बरीच वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. ‘राष्ट्रपतींवरील महाभियोग म्हणजे काय?’ हा आमच्याकडचा ठरलेला दोन गुणांचा प्रश्न. मुले ‘दोन-तृतीयांश बहुमत’ एवढे शब्द पाठ करून येत. तेवढे लिहिले की एक गुण पक्का असे. त्या दोन गुणांच्या पलीकडे काय आहे, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

२०२५च्या उन्हाळ्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. हातातला मोबाईल पुढे करत म्हणाला, “सर, अमेरिकेच्या अध्यक्षाला पदावरून काढा म्हणणारा खासदार मराठी आहे म्हणे. खरं का?” बातमी खरी होती. मग त्याने आणखी दोन प्रश्न विचारले. “आपल्याकडे राष्ट्रपतींवर असा महाभियोग कधी झालाय का? आणि तिकडे तो द्वेषगुन्हा म्हणतात, तसला कायदा आपल्याकडे आहे का?”

पहिल्याचे उत्तर एका शब्दात होते : नाही. दुसऱ्याचे उत्तर देताना मला थांबावे लागले. द्वेषगुन्हा या नावाचा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. पण माणूस कोणत्या जातीत जन्मला यावरून त्याच्याशी केलेले वर्तन हा गुन्हा मानणारा कायदा आपल्या संसदेने १९५५ सालीच केला होता. या दोन्ही विषयांवर सभागृहात उभे राहून आपली मते सविस्तर मांडणारा एक लोकप्रतिनिधीही होता. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाभियोगाच्या कलमावर ते घटना समितीत बोलले आणि अस्पृश्यता गुन्ह्यांच्या विधेयकावर राज्यसभेत. ही दोन भाषणे शेजारी ठेवून कोणी वाचत नाही. या लेखात ती तशी वाचायची आहेत.

बेळगावकडचा माणूस, डेट्रॉईटचा खासदार

आधी बातमीपुरते. श्री ठाणेदार यांचा जन्म १९५५ साली चिकोडीला झाला आणि ते बेळगावात वाढले. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते १९७९ साली अमेरिकेला गेले, तिथे डॉक्टरेट मिळवली आणि पुढे उद्योजक झाले. ‘ही श्रीची इच्छा’ या त्यांच्या मराठी आत्मकथनामुळे महाराष्ट्रातल्या अनेक वाचकांना ते ठाऊक आहेत. २०२२ साली मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट भागातून ते अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

त्यांनी मांडलेल्या दोन गोष्टी आपल्या विषयाशी जुळतात. एप्रिल २०२४मध्ये त्यांनी हिंदूंविषयीचा द्वेष, मंदिरांवरचे हल्ले आणि त्यातून घडणारे गुन्हे यांचा निषेध करणारा ठराव मांडला. २८ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे सात आरोप दाखल केले. न्यायात अडथळा, संसदेने मंजूर केलेल्या पैशावरच्या अधिकाराचे अपहरण, व्यापारविषयक अधिकारांचा गैरवापर, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग, बेकायदा कार्यालयाची निर्मिती, लाचखोरी आणि हुकूमशाही वर्तन असे ते आरोप होते. मे महिन्यात त्यांनी त्यावर मतदान घडवण्याची तयारी केली, पण त्यांच्याच पक्षातून नाराजी उमटली आणि त्यांनी तो आग्रह सोडला. जूनमध्ये टेक्सासचे खासदार अल ग्रीन यांनी वेगळा प्रस्ताव आणला. तो सभागृहाने ३४४ विरुद्ध ७९ मतांनी बाजूला ठेवला.

हे आरोप खरे की खोटे, याचा निवाडा इथे करायचा नाही. आपल्याला पाहायचे आहे ते एवढेच : अमेरिकेत एकटा खासदार उठून अध्यक्षावर आरोपपत्र ठेवू शकतो. ते पुढे जात नाही, हा भाग वेगळा. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरचा महाभियोग सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मतांवर अडला. दोषी ठरवायला ३६ मते हवी होती. एका मताने ते वाचले. क्लिंटन सुटले, ट्रम्प २०२० आणि २०२१ असे दोनदा सुटले. निक्सन यांनी सभागृहाचे मतदान होण्याआधीच १९७४ साली राजीनामा दिला. आजवर एकही अमेरिकी अध्यक्ष महाभियोगाने पदच्युत झालेला नाही.

दिल्लीतली चर्चा आणि आष्टीची रिकामी जागा

आता आपल्याकडे येऊ. १९४८ साल. १७ सप्टेंबरला निजामाचे सैन्य शरण आले आणि मराठवाडा मोकळा झाला. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा ते इकडे आले. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आष्टीचा माणूस निजामाची प्रजा होता. त्यानंतर अवघ्या दहा-साडेदहा आठवड्यांत, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, दिल्लीत घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले. आज ते सतराव्या क्रमांकाचे कलम म्हणून ओळखले जाते. डिसेंबरच्या अखेरीस महाभियोगाचे कलम चर्चेला आले.

या दोन्ही वेळी हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी घटना समितीत नव्हता. पुढेही आला नाही. नोव्हेंबर १९४९मध्ये निजामाने फर्मान काढून ही राज्यघटना हैदराबादला लागू होईल असे जाहीर केले, तेवढाच आमच्या भागाचा त्यात औपचारिक सहभाग. आमच्या विहिरीचा, वेशीचा आणि आमच्या राष्ट्रपतींचा निर्णय आमच्यावाचून झाला. तो आमच्या वतीने नीट झाला का, हे म्हणूनच तपासून पाहायला हवे.

महाभियोगाच्या चर्चेत एक मुद्दा निघाला तो कारणाचा. अमेरिकी घटनेत देशद्रोह, लाचखोरी आणि इतर गंभीर अपराध अशी कारणे लिहिली आहेत. आपल्या मसुद्यात एकच कारण होते : घटनेचा भंग. एवढे पुरेल का? राष्ट्रपतीने लाच घेतली तर काय करायचे? यावर आंबेडकरांनी दिलेल्या स्पष्टीकरणाचा आशय असा होता की ‘घटनेचा भंग’ ही शब्दयोजना पुरेशी व्यापक आहे. देशद्रोह हा घटनेचा भंगच आहे. लाच घेणे म्हणजे राष्ट्रपतीने घेतलेली शपथ मोडणे, म्हणून तोही घटनेचाच भंग. साध्या फौजदारी गुन्ह्यांसाठी घटनेत वेगळी तरतूद आहे.

या उत्तरात एक विचार आहे. राष्ट्रपती साठाव्या कलमानुसार घटनेचे रक्षण करण्याची शपथ घेतो. आंबेडकरांनी महाभियोगाचे मूळ त्या शपथेशी जोडले. अपराधांची यादी केली की यादीबाहेरचा अपराध सुटतो. शपथ मोडली का, एवढाच प्रश्न ठेवला की त्यातून सुटका नाही. आरोपाचा दरवाजा त्यांनी रुंद ठेवला.

प्रक्रिया मात्र कडक आहे. एकसष्टाव्या कलमाप्रमाणे कोणत्याही एका सभागृहात, त्या सभागृहाच्या किमान एक-चतुर्थांश सदस्यांच्या सहीची चौदा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर १३६ सह्या. ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतांनी, म्हणजे ३६२ मतांनी संमत व्हावा लागतो. मग दुसरे सभागृह आरोपांची चौकशी करते किंवा करवून घेते. राष्ट्रपतीला तिथे हजर राहण्याचा आणि आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे. त्या सभागृहानेही एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी आरोप सिद्ध झाला असे ठरवले, तर त्या दिवसापासून राष्ट्रपती पदावर राहत नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांश मते लागतात. आपल्याकडे एकूण सदस्यांच्या. गैरहजर राहणाऱ्याचे वजनही आपल्याकडे आरोपीच्या पारड्यात पडते.

आणखी एक बारकावा आहे. राष्ट्रपतीची निवड करताना राज्यांच्या विधानसभांचे आमदार मतदान करतात आणि संसदेतले नामनियुक्त सदस्य करत नाहीत. काढताना नेमके उलटे. आमदारांना त्यात स्थान नाही, नामनियुक्त सदस्यांना मात्र मत आहे. परतूरच्या मतदाराने निवडून दिलेला आमदार राष्ट्रपती निवडू शकतो, काढू शकत नाही.

सिद्ध झालेला आरोप, पडलेला ठराव

आजवर हे कलम एकदाही वापरलेले नाही. याचे मोठे कारण आपल्या पद्धतीत आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर ते स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. खरी सत्ता पंतप्रधानाकडे आणि त्याला साध्या बहुमताने घरी पाठवता येते. २५ जून १९७५च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तेव्हाही प्रश्न विचारला गेला तो प्रामुख्याने सल्ला देणाऱ्याला आणि त्याचा हिशेब १९७७च्या मतपेटीत झाला.

तरी उच्चपदस्थाला पुराव्यानिशी काढण्याची प्रक्रिया आपल्याकडे कशी चालते, याचा एक अनुभव आहे. तो राष्ट्रपतींचा नाही, न्यायाधीशाचा आहे. वर्तमानपत्रे त्यालाही महाभियोग म्हणतात; घटनेत मात्र तो शब्द फक्त राष्ट्रपतीसाठी आहे. १९९१ साली १०८ खासदारांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना दूर करण्याची नोटीस दिली. लोकसभाध्यक्ष रबी राय यांनी ती स्वीकारली आणि न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. हेच सावंत पुढे महाराष्ट्रातल्या अनेक सार्वजनिक चळवळींत दिसले. समितीने चौदांपैकी अकरा आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल दिला. मे १९९३मध्ये लोकसभेत चर्चा झाली. ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली. विरोधात एकही नाही. २०५ सदस्य सभागृहात बसून राहिले आणि त्यांनी मतच दिले नाही. ठराव पडला.

आरोप सिद्ध झाला होता, बचाव करायला एकही मत उठले नव्हते, तरी निकाल आरोपीच्या बाजूने लागला. गप्प बसणे हे सुद्धा मत असते, हे त्या दिवशी आकड्यांत दिसले.

लाडूवाला, न्हावी आणि नागरी हक्क

आता दुसरे भाषण. सप्टेंबर १९५४. त्या वर्षी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभूत झालेले आंबेडकर राज्यसभेचे सदस्य होते आणि सभागृहापुढे अस्पृश्यता गुन्ह्यांचे विधेयक होते. त्यांची पहिली हरकत नावालाच होती. विधेयक वाचणाऱ्याला वाटेल की कुठे परिटाने कपडे धुतले नाहीत, न्हाव्याने दाढी केली नाही, मिठाईवाल्याने लाडू दिला नाही, एवढ्याच किरकोळ गोष्टींसाठी संसदेने वेळ घालवला. विषय तसा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा माणसाच्या मूलभूत हक्कांचा प्रश्न आहे. मग कायद्याच्या नावात नागरी हक्कांचे संरक्षण हे शब्द यायला हवेत.

दुसरी हरकत अधिक खोल होती. विधेयकात सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुरेशी तजवीज नाही, असे त्यांनी दाखवले. हा त्यांचा जुना अनुभव होता. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. १९३०च्या त्या समितीच्या अहवालात नोंद आहे की हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध गावातले सर्वांत भयंकर हत्यार म्हणजे बहिष्कार. काम बंद, किराणा बंद, वाट बंद. मारहाण झाली तर जखम दाखवता येते. बहिष्कारात दाखवायला काहीच नसते.

नुसत्या ठरावाने काय होते, हेही त्यांनी जवळून पाहिले होते. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव संमत करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले. पाणी मात्र कोणाला घेता आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि नंतर दहा वर्षे कोर्टकचेरी चालून १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागला. म्हणून अमेरिकेतल्या निषेध ठरावाची बातमी वाचताना मला बोले ठराव आठवला. ठराव दिशा दाखवतो. त्यात शिक्षा नसते, म्हणून त्याची धास्तीही नसते.

१९५५चा अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १ जूनपासून लागू झाला. त्यातले बारावे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. विहीर, देऊळ, दुकान अशा ठिकाणी या कायद्याखालचा गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाविरुद्ध घडला, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावे. द्वेषगुन्ह्याच्या कायद्यात सर्वांत अवघड असते ते मन सिद्ध करणे. अमेरिकेतही २००९च्या कायद्याखाली वंश, धर्म वगैरे कारणावरूनच हल्ला झाला हे सरकारी पक्षाला दाखवावे लागते. आपल्या १९५५च्या कायद्याने हे ओझे उलट्या खांद्यावर ठेवले होते.

पण याच कायद्यात दोन दुबळ्या जागा होत्या. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. दुसरे, न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येत असे. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे त्याच्याशीच तडजोड. ती कोणाच्या अटींवर होत असेल, हे खेड्यात राहिलेल्याला सांगायला नको.

१९७६ साली कायदा दुरुस्त झाला. तडजोडीची वाट बंद झाली. किमान शिक्षा आली. आणि कायद्याचे नाव बदलून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाले. आंबेडकरांनी सुचवलेला विचार बावीस वर्षांनी नावात आला.

‘कारणावरून’ आणि ‘ठाऊक असताना’

दोनच वर्षांत या कायद्याची मर्यादा आमच्या मराठवाड्यात उघडी पडली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांत दलित वस्त्या पेटल्या. परभणी जिल्हाही सुटला नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. नागरी हक्कांचा कायदा विहीर आणि देवळापाशी थांबत होता. घर जाळणे, खून करणे हे त्याच्या कक्षेबाहेर. तिथे साधा दंडविधान लागू, आणि दंडविधानाला जात दिसत नाही.

ही उणीव भरून काढायला १९८९चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा आला. ३० जानेवारी १९९० पासून तो लागू झाला. आपण ज्याला नुसते ‘अॅट्रॉसिटी’ म्हणतो तो हाच. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गंभीर गुन्हा दलित व्यक्तीविरुद्ध केला तर जन्मठेप, असे त्यात आले. पण एक अट होती : ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा केलेला असला पाहिजे. १९५५चे ते गृहीतक इथे आले नाही. मन सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा फिर्यादीच्या खांद्यावर गेले.

त्याचे परिणाम दिसले. २००६ साली राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पीडित अनुसूचित जातीची आहे एवढे पुरेसे नाही, त्याच कारणाने गुन्हा झाल्याचा पुरावा हवा. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी दिली. २०१०मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती जन्मठेपेवर आणली. शिक्षा झाली, पण दोन्ही न्यायालयांनी अॅट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. हेतू सूडाचा होता, जातीचा सिद्ध झाला नाही, असे ठरले.

मग २०१५ची दुरुस्ती आली. २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. ‘या कारणावरून’ हे शब्द गेले, त्यांच्या जागी ‘ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे ठाऊक असताना’ अशा अर्थाचे शब्द आले. आणि आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. खेड्यात कोणाची जात कोणाला ठाऊक नसते? १९५५च्या बाराव्या कलमातला विचार साठ वर्षांनी वेगळ्या शब्दांत परत आला. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारालाही स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा केला, तो २०१७पासून लागू झाला. आंबेडकरांची १९५४ची दुसरी हरकतही अशी मान्य झाली.

या कायद्याच्या गैरवापराची तक्रारही आहे, आणि ती नजरेआड करू नये. २०१६च्या मराठा मोर्चांत ती मोठ्याने मांडली गेली. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कराडच्या एका प्रकरणातून निघालेल्या खटल्यात, अटकेआधी परवानगीची अट घातली. देशभर आंदोलन झाले, संसदेने ऑगस्टमध्ये दुरुस्ती करून ती अट काढली आणि २०१९मध्ये न्यायालयानेही आपला निर्देश मागे घेतला. खोटी फिर्याद कोणत्याही कायद्याखाली होऊ शकते आणि तिच्यावर इलाज तपास व न्यायालय हाच आहे. पण या वादामुळेही कायद्याचा प्रत्येक शब्द तपासून निघाला, हे विसरता येत नाही.

एक कागद

आता दोन्ही भाषणे शेजारी ठेवू. महाभियोगाचे कलम प्रत्यक्षात कधी वापरले गेले नाही. ते कागदावर जसे होते तसे आहे. ते चांगले आहे की अपुरे, हे सांगायला आपल्याकडे अनुभवच नाही. अस्पृश्यताविरोधी कायदा मात्र हजारो लोकांनी वापरला. बहुतेक वेळा ते हरले. पण प्रत्येक हरलेल्या खटल्याने कायद्यातले एक भोक दाखवले आणि उशिरा का होईना, ते बुजवले गेले. कायदा वापरात आला की दुरुस्त होतो, आणि दुरुस्तीची किंमत आधी फिर्याद करणारा मोजतो.

हे लिहिताना मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९३-९४चा सुमार असेल. माझ्या एका विद्यार्थ्याची आई शेजारच्या गावातून आली. हातपंपावर तिची घागर लाथेने उडवली होती, जातीवरून शिवी दिली होती, हात पिरगाळला होता. लिहिता-वाचता येणारा माणूस सोबत असावा म्हणून तिने मला नेले. कचेरीतल्या माणसाने तिचे ऐकून कागद लिहिला आणि अंगठा घेण्याआधी माझ्यापुढे धरला. त्यात लिहिले होते : पाणी भरण्याच्या नंबरावरून किरकोळ वाद. शिवी नव्हती. जात नव्हती.

तिने विचारले, “गुरुजी, बराबर लिव्हलंय ना?”

मी वर्गात महाभियोगाचे दोन-तृतीयांश शिकवत होतो. सतरावे कलम मला तोंडपाठ होते. समोरच्या माणसाशी वाद नको, आपली बदली व्हायला नको, असे काहीतरी मनात आले आणि मी मान हलवली. तिने अंगठा दिला. पुढे आठवड्याभरात गावातच मिटवामिटवी झाली.

मे १९९३मध्ये लोकसभेत २०५ जण बसून राहिले तेव्हा मी वर्तमानपत्र वाचून संतापलो होतो. त्यानंतर काही महिन्यांतच माझ्यावर तीच वेळ आली आणि मीही बसून राहिलो. तिची फिर्याद न्यायालयात टिकली असती की नाही, मला माहीत नाही. कदाचित ‘या कारणावरून’ या शब्दांवरच ती अडली असती. पण ती हरली असती तर निदान हरलेल्यांच्या यादीत आली असती, आणि ज्या खटल्यांनी पुढे ते शब्द बदलायला लावले त्यांत तिचाही एक असता. माझ्या मान हलवण्याने तिला तेवढेही मिळाले नाही.

त्या जुन्या विद्यार्थ्याला मी हे सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. जाताना म्हणाला, “सर, हे तुम्ही वर्गात का नाही सांगितलंत?”

तो आता पलीकडच्या गावी शिक्षक आहे. नागरिकशास्त्र शिकवतो. महाभियोगाचा दोन गुणांचा प्रश्न त्याच्या वर्गातही असतोच. त्याच्या शेजारी तो आता आणखी एक प्रश्न विचारतो, असे परवा कळवले त्याने : ‘फिर्यादीवर सही करण्याआधी कोणत्या गोष्टी वाचून पाहाव्यात?’ त्यालाही त्याने दोनच गुण ठेवले आहेत.